रक्त सापडलं, बाई सापडेना

मुंबईची माणसं मुरबाड ओलांडतात ती माळशेजच्या धबधब्यांसाठी, आणि शहापूर ओलांडतात ती नाशिकला पोचण्यासाठी. या दोन गावांमध्ये मुक्काम करावा असं सहसा कोणाच्या मनात येत नाही. मी केला, आणि तोही रक्त तपासायला. परत येऊन बरीच वर्षं झाली, तरी कोणी ‘काय पाहिलंस तिकडे’ विचारलं की मला आधी राग येतो आणि मग बोलता येतं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

शहापूर

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. मी मूळची सोलापूरची, मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत जंतूंचं काम करते. तापाच्या माणसाच्या रक्तात जंतू आहे का, हे पाहायची जुनी रीत अशी: रक्त एका बाटलीतल्या पोषक द्रवात सोडायचं, बाटली अंगाइतक्या उबेत ठेवायची. जंतू असला तर वाढतो आणि द्रव गढूळ होतो. मग तो ताटलीत पेरायचा, एक दिवस थांबायचं. मग निरनिराळ्या परीक्षा, आणखी एक दिवस. जंतूचं नाव कळेपर्यंत माणूस बरा तरी होतो, नाहीतर नातेवाईक आपल्याकडे बघायचं बंद करतात.

आमच्या प्रयोगशाळेने यावर एक पेटी तयार केली होती. बाटली गढूळ झाली की त्यातलाच थेंब काचेवर घ्यायचा, त्यात पेटीतल्या कुप्यांमधले दुधट थेंब एकेक करून मिसळायचे. ज्या थेंबात दही फाटल्यासारख्या गुठळ्या होतील, तो जंतू. चहा निवेपर्यंत उत्तर. एसीच्या खोलीत हे छान चालत होतं. बाहेर चालतं का हे बघायला कोणीतरी जायला हवं होतं. बाकीच्यांना लहान मुलं होती, म्हणून मी.

शहापूरच्या बाहेर, हायवेपासून थोडं आत, एका ट्रस्टचा छोटा दवाखाना होता. तिथे वीज असते का, असं मी आधी फोनवर विचारलं होतं. ‘असते’ असं उत्तर मिळालं होतं. कधी असते ते विचारायचं राहिलं. भारनियमनाचे दिवस होते. उबेची पेटी दुपारभर थंड पडायची आणि लाइट आली की चुलीसारखी तापायची. पहिला आठवडा माझ्या बाटल्या स्वच्छ पाण्यासारख्या राहिल्या, कारण आलेला प्रत्येक माणूस वाटेत कुठेतरी एक सुई आणि एक सलाईन घेऊनच आला होता. अर्धवट औषधाने जंतू बाटलीत वाढत नाही; माणसात मात्र वाढतो. कोणती सुई घेतली असं विचारलं तर उत्तर एकच यायचं: लाल.

दवाखान्याच्या डॉक्टर जोगळेकरबाई एकट्याच होत्या. बाळंतपणं, सर्पदंश, पडलेले, मारामारीतले, सगळं त्याच बघायच्या. एका संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात रक्ताची बाटली ठेवली. तानशाच्या बाजूची संगीता देसले, पहिलटकरीण, दिवस भरायच्या आधीच सासरी कळा सुरू झाल्या म्हणून थेट इथे आणलेली. तीन दिवसांपूर्वी मुलगी झाली होती. आता हुडहुडी भरून ताप चढला होता. बाई म्हणाल्या, मला हा ताप आवडलेला नाही.

रात्री सुदैवाने लाइट टिकली. सकाळी बाटली गढूळ होती.

मी थेंब काचेवर पसरला, रंगवला, मायक्रोस्कोपखाली धरला. जांभळ्या मण्यांच्या माळाच माळा. मग पेटी उघडली. एका थेंबात बघता बघता गुठळ्या झाल्या. स्ट्रेप्टोकोकस, आणि त्यातलाही तो जुना, बाळंतिणींचा वैरी. बाळंतपणाचा ताप म्हणून आपल्या आज्या-पणज्या ज्याला घाबरायच्या तो हाच. दोन दिवस मोकळा सोडला तर बाई जाते. आणि गंमत अशी की इतकी वर्षं झाली तरी साधं पेनिसिलीन त्याला पुरून उरतं.

आठवडाभर जिच्यासाठी बसले होते ती बाटली हातात होती. मी अक्षरशः पळत वॉर्डात गेले. खाट रिकामी होती. नर्स चादर काढत होती.

“गेली ना ती,” नर्स म्हणाली. “ताप उतरलावता जरा. भाऊ आला नं घेऊन गेला. पाचवी करायची व्हती.”

पाचवी म्हणजे जन्मानंतरच्या पाचव्या दिवसाची सटवाईची पूजा. आमच्या सोलापूरकडेही करतात. पण सटवाईला दवाखान्याचा पत्ता कळत नाही असं मी तोवर ऐकलं नव्हतं. जोगळेकरबाई शस्त्रक्रियेत होत्या. मी दारातूनच ओरडून सांगितलं. त्यांनी मान न वळवता उत्तर दिलं: मला हलता येत नाही, तुम्ही जा. पेनिसिलीन द्यायला लावा, कुठेही, पण आज. आणि त्या वॉर्डातल्या बाकीच्या दोघींचं मी बघते.

तानसा

जीप भाड्याची होती आणि चालक रमेश पष्टे किन्हवलीचा. गडी भला, पण दर मैलाला त्याचा कोणीतरी नातेवाईक भेटायचा आणि जीप हळू व्हायची. मी पेटी, बाटली आणि काचा मांडीवर घेऊन बसले. कशाला घेतल्या असं त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

तानशाच्या जंगलात मुंबईला पाणी नेणारे नळ आहेत, माणूस आत उभा राहील एवढे जाड. रस्त्याकडेने ते मैलोन्‌मैल सोबत करतात. त्या नळांवरून बायका डोक्यावर हंडे घेऊन चालत होत्या. पाणी त्यांच्या पायाखालून मुंबईला चाललं होतं आणि त्या विहिरीला. मी मुंबईत तेच पाणी पिते, म्हणून त्या दिवशी त्याबद्दल काही बोलले नाही.

संगीताच्या सासूने अंगणात भात वाळत घातलं होतं. तिने माझं नीट ऐकून घेतलं आणि मग आपलीच कैफियत सुरू केली. पोरीची पाचवी आपल्या घरी व्हायला हवी होती, पण माहेरचे हट्टाला पेटले. पहिलं बाळंतपण माहेरचं, ते इथे झालं म्हणून आधीच त्यांची नाकं वर. मी विचारलं, माहेर कुठलं? वैशाखऱ्याच्या अंगाला. आडनाव? भोईर. आणि ताप? त्यावर म्हातारी म्हणाली, “दूद चढला की येतंच ताप. त्यात काय?”

म्हणजे पुन्हा शहापूर, तिथून किन्हवली, तिथून सरळगाव, आणि मग घाटाच्या तोंडाशी. तालुक्याच्या एका टोकावरून शेजारच्या तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. तासाभरात जंतू ओळखला आणि आता दिवस त्याच्या मागे जाणार होता.

किन्हवलीचा रस्ता

हा रस्ता सुंदर आहे, हे मला नंतर कळलं. आश्विनातलं भात दोन्ही बाजूंना पिवळं पडत होतं, वाफ्यांच्या कडेला तिळाची फुलं, आणि समोर सह्याद्रीची भिंत दर वळणाला थोडी उंच होत होती. मला फक्त खड्डे दिसत होते. किन्हवलीच्या पुढे चाक बसलं. पष्टेने जादा चाक काढलं, तेही बसलेलं होतं. मागच्या वेळचं पंक्चर काढायचं राहिलं होतं म्हणे. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो चाक गडगडवत परत गेला आणि मला रस्त्याकडेच्या एका घरात बसवून गेला. ते अर्थातच त्याच्या बहिणीचं घर होतं.

तिने विचारलंही नाही. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी समोर ठेवली. आमच्याकडची ज्वारीची कडक भाकरी मोडताना आवाज करते. ही मऊ, पांढरी, रुमालासारखी घडी होणारी. मला वेळ नाही, एक बाई आजारी आहे, असं मी सांगितलं. ती म्हणाली, तुमी उपाशी राहून ती बरी व्हनार हाय का? मी खाल्लं. भाकरी फार चांगली होती आणि त्याचाही मला राग आला.

मोबाइलला तिथे रेंज नव्हती. सरळगावला आली. मी जोगळेकरबाईंना फोन लावला तर दवाखान्याचा फोन बंद, लाइट गेली असणार.

वैशाखरे

वैशाखरे मुरबाडहून माळशेजला जाणाऱ्या रस्त्यावरच आहे. तिथून भिंत अगदी अंगावर येते. मी हमरस्त्यावरच्या दुकानात विचारलं: भोईरांची संगीता, बाळंत होऊन आजच आलेली. दुकानदार म्हणाला, भोईर ढीग हायेत, संगीता नाय. पुढच्या वाडीत विचारलं. तिथे एक संगीता निघाली, ती शाळेत जाणारी होती. तिसऱ्या वाडीत चार म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्यांनी आपापसात गावातल्या सगळ्या लेकी मोजल्या आणि एकमताने सांगितलं की या गावात संगीता जन्मलीच नाही. पष्टे म्हणाला, मॅडम, म्हातारीने गाव चुकीचं सांगितलं. ऊन उतरायला लागलं होतं. मी जीपला टेकून उभी राहिले आणि मला रडू येईल असं वाटलं. सासूवर, भावावर, सटवाईवर, त्या बसलेल्या चाकावर, सगळ्यांवर एकाच वेळी चिडता येत नाही, माणूस दमतो.

मग डोक्यात आलं. माझ्या आईचं नाव लग्नात बदललं होतं. आजोळी गेलं की तिला वेगळ्याच नावाने हाका यायच्या आणि लहानपणी मला ती कोणीतरी दुसरीच वाटायची. मी परत त्या म्हाताऱ्यांकडे गेले आणि नाव सोडून दिलं. विचारलं, आज कोणाकडे पाचवी आहे?

“मंदाकडं,” चौघी एकदम म्हणाल्या. “तानशाला दिलेली ती.”

घर शेताच्या कडेला होतं. अंगणात माणसं जेवत होती. संगीताची आई, पन्नाशीची, काटक बाई, दारातच उभी राहिली. मी दवाखान्यातून आले म्हटल्यावर तिने मला पाणी दिलं, पण बाळंतिणीच्या खोलीकडे पाऊल टाकलं तेव्हा आडवा हात केला. पूजा अजून उठली नव्हती. बाहेरच्या बाईची सावली पडायची नव्हती.

भाऊ दत्ता पुढे आला. त्याच्याकडून कळलं ते असं: वाटेत हिला पुन्हा ताप भरला होता. तो काही बेफिकीर नव्हता. त्याने मुरबाडला डॉक्टर ओकांकडे थांबून दाखवलं होतं, त्यांनी मलेरिया धरून सुई दिली होती, राहा म्हणाले होते. पण पूजा होती. उद्या नेणारच होतो, असं तो म्हणाला.

मी त्याच्या आईला जंतू, बाटली, गुठळ्या सगळं समजावू लागले. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. शेवटी मी म्हणाले, “आई, तुमच्या ओळखीत कोणी बाळंतपणाच्या तापाने गेली आहे का?”

“माजी थोरली जाऊ,” ती म्हणाली.

“तोच ताप आहे. आता त्याला औषध आहे. पण ते आज द्यायला हवं.”

तिने हात खाली घेतला.

आत अंधार होता आणि ओव्याच्या धुरीचा वास. संगीता भिंतीकडे तोंड करून पडली होती, ओठ फुटलेले, श्वास भरभर. हात लावला तर चटका बसला. बाळ शेजारी टोपडं घालून झोपलं होतं. इतका वेळ मी एका बाटलीच्या मागे फिरत होते. ती डोळे उघडून माझ्याकडे बघेपर्यंत हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला इंजेक्शन देता येत नाही, मी डॉक्टर नाही. आम्ही तिला, बाळाला आणि आईला जीपमध्ये घातलं. दत्ता मागे लटकला. पष्टे त्या दिवशी पहिल्यांदाच कोणासाठी थांबला नाही.

मुरबाड

डॉक्टर ओकांचं चार-सहा खाटांचं हॉस्पिटल बाजारपेठेच्या मागे होतं. वय साठीचं, हात स्थिर, आवाज कोरडा. त्यांनी संगीताला तपासलं, सलाईन लावलं आणि मग माझ्याकडे वळले. मी जंतूचं नाव सांगितलं.

त्यांनी विचारलं, रक्त कधी घेतलं? काल संध्याकाळी, मी म्हणाले. ते म्हणाले, मग रिपोर्ट परवाच्या आधी येऊच शकत नाही. मी पेटीबद्दल सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की मुंबईचे लोक दर वर्षी काहीतरी ताबडतोबचं घेऊन येतात.

इतके दिवस मी उशिरावर चिडत होते. आता लवकर झालं म्हणून कोणी विश्वास ठेवत नव्हतं. मी मांडीवरून इथवर आणलेली बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली, त्यांचाच मायक्रोस्कोप खिडकीकडे ओढला, कारण लाइट नव्हती, आणि आरशावर उतरतं ऊन घेतलं. काच त्यांना दाखवली. मग त्यांच्यासमोर थेंब मिसळले. ते चष्मा वर करून वाकले. गुठळ्या झाल्या तेव्हा त्यांनी काच स्वतः हातात घेऊन हलवली, पुन्हा बघितली. मग सरळ उभे राहिले आणि नर्सला म्हणाले, मलेरियाचं थांबवा.

पण पेनिसिलीन कुठे होतं? शहापुराहून निघताना मी पेटी घेतली, ते घ्यायचं सुचलं नव्हतं, आणि ओकांच्या कपाटातही नव्हतं. दत्ता दोन औषधांच्या दुकानांत जाऊन आला. स्वस्त औषध, कोणी मागत नाही, म्हणून कोणी ठेवत नाही. महागातली नवी इंजेक्शनं मात्र हवी तेवढी होती. ओकांनी कपाटातलं दुसरं एक इंजेक्शन चालू केलं, ‘यानेही भागेल, पण मला पेनिसिलीनच हवंय,’ म्हणाले. शेवटी एसटी स्टँडजवळच्या दुकानात सापडलं. तिथे एका हृदयाच्या आजाराच्या मुलीसाठी दर महिन्याला मागवत असत. आधी कातडीखाली थोडंसं टोचून पाहिलं, लाल झालं नाही, मग पहिला डोस गेला. बाहेर अजून उजेड होता.

दुसऱ्या दिवशी ताप हटला नाही. ओक मला टाळायला लागले आणि मी त्यांना. त्यानंतरच्या सकाळी संगीताने चहा मागितला.

मी निघायच्या तयारीत होते. तिला सांगायला गेले, की आता काळजी नाही. तिने मला बसायला सांगितलं.

“ताई, माज्या रगतात काय व्हतं ते सगल्यांना म्हायती,” ती म्हणाली. “सासूला, भावाला, तुमच्या गाडीवाल्याला. मला कुनी सांगितलं नाय.”

खरं होतं. मी दोन तालुके पालथे घातले आणि प्रत्येकाला सांगितलं, हिला सोडून. मी बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. माळांचं चित्र काढून दाखवलं. तिने अडवून अडवून विचारलं. शहापुराहून जायचं नव्हतं, असं तिने नर्सला दोनदा म्हटलं होतं, हेही तेव्हाच कळलं. मग तिने बाळाकडे मान वळवली.

“ते हिला गेलंय का?”

बाळ आजीच्या मांडीवर होतं. दूध ओढत नाही नीट, असं आजी सकाळीच म्हणत होती आणि आम्ही सगळ्यांनी ते दुर्लक्षिलं होतं. ओकांनी बाळ तपासलं. अंग किंचित कोमट. त्यांनी लगेच बाळाचं रक्त माझ्याजवळच्या कोऱ्या बाटलीत घेतलं, पेनिसिलीन सुरू केलं, आणि उत्तर येईपर्यंत आईने अंगावर पाजू नये म्हणाले. बाहेरची डॉक्टर मंडळी याबाबत वेगळं म्हणाली असती, पण त्या खोलीत शब्द त्यांचा होता.

आणि इथे माझी पेटी काही कामाची नव्हती. जंतू असला तर ती चटकन सांगते. नसला तर सांगायला तिच्याकडे काहीच नाही. बाटली गढूळ होते का याची वाट बघत बसायचं, तीन-चार दिवस. मुरबाडला उबेची पेटी नव्हती आणि असती तरी तिला वीज नव्हती. बाटली अंगाच्या उबेत ठेवायला हवी, असं मी म्हणाले. संगीताच्या आईने ती माझ्या हातातून घेतली, फडक्यात गुंडाळली आणि कमरेच्या ओच्यात खोचली. दिवसरात्र ती तिथेच राहिली. मी रोज सकाळी मागून घ्यायची, उजेडाकडे धरायची, परत द्यायची. त्या दिवसांत मी तीनही वेळा भात खाल्ला, डासांनी फोडून काढलं, मुंबईहून साहेबांचा निरोप आला की काम संपलं असेल तर परत या. मी कळवलं की संपलेलं नाही.

संगीता दर दोन-तीन तासांनी भिंतीकडे वळून दूध पिळून टाकायची. आटू द्यायचं नव्हतं तिला. बाळ वाटी-चमच्याने पावडरचं दूध प्यायचं आणि रडायचं. ती रडण्याकडे पाठ करून बसायची. रोज सकाळी मी बाटली खाली घेतली की ती एवढंच विचारायची, “गढूळ?”

“अजून नाही.”

‘अजून’ हा शब्द तिला आवडायचा नाही, हे दिसायचं.

चौथ्या सकाळी मी बाटलीतला थेंब काचेवर घेऊन पाहिला. ओकांनी पाहिलं. काही नव्हतं. बाळाचं अंग निवलं होतं, आवाज खणखणीत झाला होता. मी बाटली संगीताच्या हातात दिली. तिने ती खिडकीच्या उजेडाकडे धरली, उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. मला वाटलं आता ती काही विचारेल. ती बाटली तिने खाटेवर ठेवून दिली आणि दोन्ही हात आईकडे पसरले. आईने बाळ दिलं.

पहिल्या दोन खेपा ते चुकलं. तिसऱ्यांदा धरलं.